लुगड्याचं पलीकडचं टोक

“…मग एकट्यानं का नाही करायचं, तात्या? शिडी लावतो, वर चढतो. अर्ध्या तासात कागद आरशासारखा!”

हा प्रणव इथापे. शेतीची पदवी घेऊन आमच्या नर्सरीत आला होता, आणि चार महिने झाले तरी ती पदवी काही डोक्यावरून खाली उतरवत नव्हता. त्याला ढोबळी मिरचीच्या रोपांचं पॉलीहाऊस एकट्याच्या ताब्यात हवं होतं. रोज मागायचा. सत्तरीचे हैबतीतात्या, ज्यांच्या हाताखाली आम्ही सगळेच शिकलो, रोज त्याच्या हातात खुरपं द्यायचे.

पण कागद पुसायला हवा, यात पोरगा खोटं बोलत नव्हता. कमानीवरच्या प्लॅस्टिकच्या कागदावर वर्षाची धूळ आणि शेवाळ साचलं होतं. आत भरदिवसा अंधारून यायचं. रोपं उजेडासाठी नुसती लांबत चालली होती.

“वर चढायचं न्हाई,” तात्या म्हणाले. “कागद उजेड पेलतो. माणूस न्हाई पेलत.”

“मग?”

तात्या खोलीत गेले आणि एक लुगडं घेऊन आले. कधीकाळी हिरवं असलेलं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. दोन्ही टोकांना दोरी बांधलेली.

ते गोजराकाकूंचं, तात्यांच्या बायकोचं. काकू गेल्यापासून पेटीतून निघालं नव्हतं.

काकू होत्या तेव्हा वारा पडलेल्या सकाळी हे काम चालायचं. ओलं लुगडं कमानीवरून पलीकडे टाकायचं. अलीकडे तात्या, पलीकडे काकू. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सैल सोडायचं, असं करत पुढे सरकायचं. मधे कमान, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. आतला पंखा घरघरायचा, हाकही पोचायची नाही. मी आत पिशव्यांत माती भरत बसायचे. मला बाजूच्या कागदातून दोघांच्या सावल्या दिसायच्या.

काकू आधी लुगडं हलकेच दोनदा हलवायच्या. इकडून तात्यांनी दोनदा हलवलं की मगच ओढायच्या. सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी! वीस वर्षं मी ते पाहिलं. फार चांगले दिवस होते ते.

प्रणव पलीकडे गेला. मी माझ्या जागी, आत.

टोक हातात येताच त्यानं जोरात हिसडा मारला. तात्यांची सावली पुढे ओढली गेली, पाय घसरला…

आणि त्यांनी दोरी सोडून दिली.

धप्प! पदवीधर चिखलात, अंगावर ओलं लुगडं. मी पदर तोंडात कोंबला.

तो तणतणत अलीकडे आला. मी दारातून डोकावले. “सोडलं कशाला?”

“मी धरलंय का, हे इचारलंस?”

प्रणवनं तोंडावरचा चिखल पुसला.

“जा. परत टाक.”

लुगडं पुन्हा कमानीवरून गेलं. पलीकडची सावली या वेळी हलली नाही. पंखा घरघरत होता. मग लुगडं हललं.

दोनदा. हलकेच.

त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. काकूंना तर त्यानं पाहिलंही नव्हतं.

तात्यांची सावली थबकली. मला वाटलं, आता म्हाताऱ्याच्या हातातून दोरी गळून पडते. माझे डोळे केव्हाच भरले होते.

मग तात्यांनी दोनदा हलवलं.

लुगडं सरकलं. माझ्या डोक्यावर उजेडाचा एक पट्टा उघडला आणि मिरचीच्या रोपांवर पडला.

काम संपल्यावर प्रणव समोर येऊन उभा राहिला, चिखलानं माखलेला, मान खाली.

“तात्या, हे एकट्याचं काम नाही. माझं मागणं चुकलं.”

तात्या लुगडं पिळत होते. सावकाश पिळून झालं. कनवटीला खोचलेली पॉलीहाऊसची किल्ली काढून त्यांनी त्याच्या ओल्या तळहातावर ठेवली.

“घे. आता जमंल तुला एकट्याला.”