पिंडासमोर दिलेला शब्द

दहाव्याला घाटावर उर्मिला वडिलांचे पिंड द्यायला पुढे झाली, तशी दाजीकाकांनी काठी आडवी धरली.

"काळ बदलला असेल, घराण्याची शिस्त नाही. पिंड पुरुषानेच द्यायचे."

दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं उर्मिलेनेच केलं होतं. पण भावकीत दाजीकाकांचा शब्द शेवटचा. विधीला बसला वडिलांचा पुतण्या विनय. चार वर्षांत त्याने या काकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

पिंड मांडले. कावळे पिंपळावर बसून राहिले, एकही खाली येईना. विनयने हात जोडले, "काका, काकूला सांभाळीन." मग म्हणाला, "घर विकणार नाही." तास गेला, ऊन चढलं, लोक कुजबुजू लागले.

गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवूया का?"

"आमच्या घराण्यात असलं कधी झालं नाही!" दाजीकाका कडाडले आणि घाम पुसत उर्मिलेकडे वळले. "त्याच्या मनात काहीतरी राहिलंय. शेवटपर्यंत तूच होतीस जवळ. काय राहिलंय, सांग."

"सांगितलं तर पुरं कराल?"

"पिंडासमोर शब्द देतो. सगळे साक्षीला आहेत."

उर्मिलेने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच होकार दिला.

"पिंड माझ्या हातून मिळावेत, एवढंच राहिलंय."

दाजीकाकांनी पिंपळाकडे पाहिलं. मग त्यांनी काठी काखेत मारली.

"विनय, ऊठ. तिला बसू दे."