आबांच्या गालावरची तीट

माळेवाडीत आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यांची थोरली नात कृतिका स्वमग्न होती. बोलत नसे, अंगाला हात लावू देत नसे, पण चिंचोके असे रांगेत मांडी की बघत राहावं. डॉक्टर म्हणाले, "अपंगत्वाचा दाखला काढा. शिकवायला खास बाई मिळतील, सरकारची मदतही होईल."

सून विमल विचारायला गेली, तर आबा ओसरीवर गरजले, "सोन्यासारख्या पोरीला डाग लावतेस? आपल्या हातानं लेकराला डाग लावणारं एक माणूस दाखव, मग खुशाल काढ दाखला!"

विमलच्याही मनाला हीच टोचणी होती. तिनं मान खाली घातली, तर आबांच्या मांडीवर धाकटा नातू हसत होता. शेजारी काजळाची डबी उघडीच.

"मामंजी, बाळाला तीट कुणी लावली?"

"मीच. रोज लावतो. नजर लागू नये माझ्या राजाला."

"मग डाग लावणारं माणूस समोरच बसलंय की! लेकरू वाईट म्हणून लावता का? जपायचं म्हणूनच ना? माझ्या कृतिकेचा दाखलाही तसाच समजा."

तेवढ्यात ओसरीच्या कोपऱ्यात चिंचोके मांडत बसलेली कृतिका उठली. मांडलेल्यात एक वेगळं दिसलं की तिला चैन पडत नसे. बाळाच्या गालावर तीट, आबांचा गाल कोरा! तिनं काजळात बोट बुडवलं आणि आबांच्या गालावर अलगद टेकवलं.

आबांचे डोळे भरले. डोळे पुसले, तीट नाही पुसली.

"सूनबाई, चल, तालुक्याची एसटी निघेल," म्हणाले, आणि तसेच निघाले.