डोळ्याखालची रेघ

एकदा एका नदीकाठच्या नगरात पदकांचे ठसे कोरणारा एक वृद्ध कारागीर राहत होता. पोलादाच्या तुकड्यात तो उलटी, खोलगट आकृती कोरी. त्या ठशाखाली चांदी दाबली की आकृती सुलटी होऊन उठून येई. हे काम निर्दय असते. चित्रावर पुन्हा रंग देता येतो, पण पोलादात एकदा शिरलेली रेघ बुजत नाही. ती घालवायची तर सारा चेहराच घासून काढावा लागतो.

त्याच्याकडे एक शिष्य होता. हात चांगला, स्वभाव तापट. त्याचे शिक्षण संपत आले होते. त्या नगरातली रीत अशी, की शिष्याने सरावाचा एक ठसा संपूर्ण स्वतः कोरावा, तो कारागिरांच्या पंचांपुढे ठेवावा आणि ऐरणीवर हात ठेवून म्हणावे, "यातली प्रत्येक रेघ माझी." पंचांना पटले तर त्याला स्वतःच्या नावाची मोहोर मिळे. न पटले तर आपले काम दुसऱ्याच्या नावाने खपताना पाहत बसावे लागे.

शिष्याने पुरातून माणसे काढणाऱ्या एका म्हाताऱ्या नावाड्याचा चेहरा घेतला. दाढी साधली, कपाळ साधले, डोळा मात्र साधेना. मेण दाबून पाहावे, तर सगळा चेहरा जिवंत आणि डोळा मेलेला. एका संध्याकाळी तो वैतागून ठसा तसाच टाकून घरी गेला. सकाळी येऊन मेण दाबले, तर नावाडी चकाकत्या पाण्याकडे डोळे बारीक करून पाहत होता! शिष्य हरखला. त्याने ठसा पुसला आणि पंचांपुढे नेला. ऐरणीवर हात ठेवून ते वाक्यही म्हटले.

प्रमुख पंचाने भिंग लावले. बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

"काम उत्तम आहे," तो म्हणाला. "पण सगळ्या रेघा डावीकडून शिरतात आणि उजवीकडे निमुळत्या होतात. डोळ्याखालची ही एकच रेघ उजवीकडून शिरली आहे. तू डावखुरा आहेस का रे?"

"नाही."

"मग ही कोणाची?"

"माझीच. ठसा फिरवून मारली असेल."

प्रमुख पंच हसला. "गावात डावखुरा कोरणारा एकच आहे, आणि तो तुझ्या मांडीला मांडी लावून बसलाय."

साऱ्यांचे डोळे वृद्धाकडे वळले. तो म्हणाला, "ती रेघ माझी आहे. बाकी सगळं काम त्याचं."

मोहोर मिळाली नाही.

बाहेर पडताच शिष्य भर रस्त्यात कडाडला. "बाबा, गळा कापलात माझा! माझ्या पाठीमागे माझ्या कामात हात घातलात, आणि वर चार लोकांत बोलून दाखवलंत! गप्प बसला असतात तर जीभ झडली असती का? माझ्या घामावर तुमचा काय हक्क?"

दुकानदार गिऱ्हाईक सोडून ऐकू लागले. वृद्ध चालत राहिला. कारखान्यात येऊन तो पाणी प्यायला, शिष्यापुढेही तांब्या केला. शिष्याने तो घेतला नाही.

"काहीही हक्क नव्हता," वृद्ध म्हणाला. "तुझा संताप खरा आहे. पण त्या सकाळी तो कुठे होता? डोळा उघडलेला दिसला, तेव्हा तुला काही कळलं नाही?"

"वाटलं... वैतागाच्या भरात हात बरा पडला असेल."

"वाटलं, की वाटून घेतलंस?"

शिष्य खाली बसला.

"माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येकाच्या ठशावर मी असा एक घाव घालतो. माझ्या गुरूंनी माझ्या ठशावर घातला होता. हात तयार झाला की नाही, ते पंच पाहतात. आपल्या कामात परका हात माणसाला खपतो का, ते मी पाहतो. रेघ वाईट असती, तर तू त्याच सकाळी कारखाना डोक्यावर घेतला असतास. ती चांगली निघाली, म्हणून तुझी झाली. मी ती मारली याचा राग तुला आलाच नाही, गड्या. मी ती सांगितली, याचा आला."

शिष्य उठला. त्याने ठसा दगडावर धरला आणि घासू लागला. नावाड्याचा डोळा गेला, दाढी गेली, कपाळ गेले. मग त्याने पहिल्यापासून आरंभ केला.

पुढे हिवाळ्यात, दुसरा नावाडी पुरा होत आला असताना, एका सकाळी वृद्ध अंगणात दात घासत होता. आतून आरोळी आली, "माझ्या ठशाला हात कोणी लावला?"

शिष्य ठसा घेऊनच बाहेर आला. "नाकपुडीजवळची ही रेघ उजवीकडून आली आहे. मी सगळा चेहरा घासायला काढणार आहे. आणि बाबा, वयाचा मान राखून सांगतो, पुन्हा माझ्या कामाला बोट लावाल तर—"

"रेघ वाईट आहे का?"

"चांगली आहे! माझ्याहून चांगली आहे! म्हणूनच तर!"

वृद्धाने चूळ भरली. मग आत जाऊन एक कुलूप आणले आणि शिष्याच्या हातात दिले. "आजपासून तुझी पेटी बंद ठेव. याला किल्ली एकच आहे. ती तुझ्याकडे राहू दे."

तिसरा नावाडी पंचांपुढे गेला. शिष्याने ऐरणीवर हात ठेवून ते वाक्य म्हटले. प्रमुख पंच भिंगातून पाहत म्हणाला, "डोळा जरा मंद आहे रे."

"आहे," शिष्य म्हणाला. "तो मंद मीच केलाय."

पंचाने वृद्धाकडे पाहिले. या वेळी वृद्धाकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. मोहोर मिळाली.

परक्याची चांगली रेघ आपल्या नावावर चढली, तर ती आधी आपल्याला टोचली पाहिजे. भिंग फार उशिरा येते.