उतरणीची पायरी

एका राज्यात रुद्रभानू नावाचा राजा होता. त्याची एकुलती एक कन्या इंदुलेखा. ती लहान असताना राजा बुटक्या चौरंगावर बसून न्याय करी. गुराखी येई, तेलीण येई, शेजाऱ्याशी भांडलेला कुणी येई. राजा बोले थोडं, ऐके फार. इंदुलेखा त्याच्या गुडघ्याला टेकून सारं ऐकत बसे. ते दिवस ती थोरपणीही विसरली नाही.

पण पुढे भाट आले. चौरंग गेला, सोन्याचं सिंहासन आलं. एकदा त्रिकूट नावाचा मांत्रिक गाऱ्हाणं घेऊन दारी आला. राजाच्या हत्तींनी त्याची झोपडी तुडवली होती. तीन दिवस तो उभा राहिला. आत राजा स्वतःची स्तोत्रं ऐकत होता. चौथ्या दिवशी मांत्रिक म्हणाला, "राजा, तुला उंचीची हौस. मग हो उंच!"

त्या दिवसापासून सिंहासन रोज हातभर वाढू लागलं. छत फोडून वर गेलं. शिड्या लावल्या, त्यांचा भुगा झाला. घारी राजाला फळं नेऊन देत. राजाचे हुकूम भूर्जपत्रांवर खाली पडत, खालची हाक मात्र वर पोचेना. नदीला पूर आला, तेव्हा वरून हुकूम पडला, "बांध फोडा, शेतं तहानली असतील." भ्यालेल्या सेवकांनी बांध फोडला आणि तीन गावं वाहून गेली.

इंदुलेखा तटावर रडत बसली. तिथं एक धनेश पक्षी उतरला आणि माणसाच्या वाणीनं बोलला, "राजकन्ये, सिंहासनावर चढायची पायरी प्रत्येक राज्यात असते. उतरायची पायरी शोधून आण. पूर्वेला तीन राज्यं आहेत."

पक्षी पुढे, इंदुलेखा मागे.

पहिल्या राज्यात एकच राणी राज्य करी. तिनं बोट उचललं की पूल उभा राही, बोट खाली केलं की चोर बेडीत पडे. रस्ते आरशासारखे होते. पण राणीला ताप आला, तर राज्यातली एकही चूल पेटेना. इंदुलेखेनं विचारलं, "महाराणी, आपण खाली कशा उतरता?"

"चार खांद्यांवर," राणी म्हणाली. तिच्या आवाजात खेद होता.

दुसऱ्या राज्यात सात वृद्ध पंडित राज्य करत. त्यांचा कायदा ताम्रपटावर कोरलेला होता, न्याय तोलूनमापून होई. पण सातांच्या जागी त्यांचेच पुत्र बसत. "बाहेरचा कुणी शहाणा निघाला तर?" तिनं विचारलं. पंडितांनी एकमेकांकडे पाहिलं. "तसा प्रश्न ताम्रपटावर नाही," ते म्हणाले.

तिसऱ्या राज्यात सगळेच राज्य करत. माळावर नुसता कोलाहल होता! एक विहीर उपसायची की नाही यावर नऊ दिवस वाद चालला होता, आणि लोक तहानेले होते. इंदुलेखेला वाटलं, इथं काय मिळणार? तेवढ्यात नवा प्रमुख निवडायला लोकांनी घड्यांत टाकलेले खडे मोजले गेले. भिवरा नावाच्या कुंभारणीच्या घड्यात जास्त खडे निघाले. जुना प्रमुख उठला, दगडी ओट्याची पायरी उतरला, भिवरेला नमस्कार करून आपल्या वांग्यांच्या वाफ्याकडे चालू लागला. मागे कुणी तलवार उपसली नाही.

इंदुलेखा धावत गेली. "मला ही पायरी द्या!"

पुन्हा वाद झाला. राजकन्येनं आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. वाहून गेलेल्या गावांची नावं सांगितली, आपल्या बापाचं जुनं रूप सांगितलं. अखेर खडे तिच्या बाजूनं पडले. भिवरा म्हणाली, "नव्या पायरीला आम्ही दगड घडवू, ही तू ने. पण बाई, ही पायरी जिथं लागते तिथं जन्मानं कुणी राजा होत नाही. तूही होणार नाहीस. कबूल?"

इंदुलेखेनं डोक्यावर पदराची चुंबळ ठेवली. मग म्हणाली, "कबूल."

तिनं पायरी डोक्यावर वाहून आणली, सिंहासनाच्या तळाशी ठेवली. एका पायरीच्या हजार झाल्या आणि ढगांत शिरल्या. तिसऱ्या प्रहरी राजा दिसू लागला. दाढी वाऱ्यानं पिंजलेली, पाय थरथरणारे. अखेरच्या पायरीवर त्यानं मुकुट उतरवून ठेवला. मागे सिंहासन विरघळून गेलं, शाप सरला. राजानं विचारलं, "लेकी, इथं इतकं शांत का?"

"आबा, तीन गावं वाहून गेली."

राजा मातीत बसला आणि रडला. मग स्वतः त्रिकूटाच्या दारी गेला आणि त्याची झोपडी आपल्या हातांनी शाकारली.

पुढे त्या राज्यानं पंडितांसारखा कायदा कोरला, राणीसारखे पूल बांधले, आणि तीन वर्षांनी एकदा घडे मांडायचे ठरवलं. पहिल्या खेपेस इंदुलेखेच्या घड्यात फार थोडे खडे पडले. लोकांनी एका नावाड्याला निवडलं. तिनं त्याला टिळा लावला आणि घरी आली.

"दुखलं का गं?" बापानं विचारलं.

"दुखलं, आबा."

"सांग मग," म्हातारा म्हणाला आणि तिच्याजवळ सरकून बसला.

ती सांगत राहिली, तो ऐकत राहिला. त्या बापलेकीला जसं सुख लाभलं, तसं ऐकणाऱ्या साऱ्यांना लाभो.