मुगाची पुरचुंडी

एका खाडीकाठच्या गावात ठकूबाई नावाची एक बाई राहायची. मिठागरावर मीठ ओढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मिठानेच तिचे हात खाल्ले. तळव्यांना अशा भेगा पडल्या, की फावड्याच्या दांड्यावर मूठ वळेना. बिचारी नुसत्या टोपल्या वाहू लागली.

मुकादम म्हणाला, "येत्या नवव्या दिवशी मीठ ओढायला काढतोय. मूठ वळली तर या, बाई. नाहीतर तुमच्या जागी दुसरी घेतो."

"माझी जागा मी कुणाला देत नाही," ठकूबाई म्हणाली. पदर खोचून ती तडक गोदामावशीकडे गेली. झाडपाल्याची जाणकार अशी गावातली म्हातारी ती.

मावशीने तिचे हात निरखले. "मूग भिजव, फडक्यात बांध. चांगले मोड आले की वाट, रस पीळ आणि रोज भेगांना लाव. पण तोवर पुरचुंडीला हात लावायचा नाही."

ठकूबाईने पुरचुंडी बांधली खरी, पण जिवाला धीर कुठला? भात चुलीवर ठेवला, की पुरचुंडी सोडून बघ. मिठागरावरून आली, की तशीच बोटाने मूग चाचप. वर म्हणायची, "नुसतं बसून कसं चालेल?" तिसऱ्या दिवशी मोड राहिले बाजूला, मुगांना आंबूस वास सुटला.

ती रडकुंडीला येऊन मावशीकडे गेली. मावशीने एक मूग जिभेला लावला आणि थुंकला.

"खारट लागतोय. मिठाचे हात घेऊन किती वेळा चाचपलेस गं? मिठात कधी काही रुजलंय का? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!"

सहा दिवस उरले होते. ठकूबाईने विहिरीच्या गोड्या पाण्याने हात धुतले, पुन्हा मूग भिजवले आणि पुरचुंडी खुंटीला टांगली. आता मन तिकडे ओढ घेई, तशी ती उठून अंगण झाडायला लागे. दोन दिवसांत अंगण चारदा झाडून झालं. जन्मभर हात चालवलेल्या बाईला हात आवरणं फार जड गेलं, पण तिने ते केलं.

तिसऱ्या सकाळी फडक्यातून पांढरे मोड बाहेर डोकावत होते. तेव्हाच तिने गाठ सोडली. रोज थोडे मोड वाटून ती रस हातांना चोळू लागली.

नववा दिवस उजाडला. भेगा सगळ्या भरल्या नव्हत्या, पण कातडी मऊ पडली होती. मुकादमाने विचारलं, "वळते का मूठ?"

ठकूबाई पुढे झाली. तिने फावडं उचललं, दांड्यावर मूठ आवळली आणि दुपारच्या आत मिठाचा पहिला ढीग लावला. घरी खुंटीला नवी पुरचुंडी टांगलेली होती. ती बघायला ठकूबाई एकदाही गेली नाही.

तात्पर्य: हात चालवायला जिद्द लागते, तशी हात आवरायलाही लागते. रुजणारं सारखं उकरून पाहिलं, तर ते रुजत नाही.