गुप्त खबर

फार जुनी, साग-मोहाच्या रानातली ही गोष्ट. झाडावरचा भुऱ्या वानर आणि खालच्या कळपाची म्होरकी चांदी चितळीण यांचा करार होता. ज्याला बिबट्या दिसेल, त्याने दुसऱ्याला हाळी द्यायची.

एकदा भुऱ्या म्हणाला, "चांदीताई, आपल्यातलंच कोणी बिबट्याला फितूर असलं तर?"

"म्हणून मी माझ्याच लेकरांवर पाळत ठेवू?" चांदी फणकारली.

"छे! तुमच्या कळपावर मी ठेवतो, माझ्या टोळीवर तुम्ही ठेवा. घरच्यांवर नजर ठेवल्याचं पाप कोणालाच नाही!"

चांदीला ते पटलं. तेव्हापासून ती मान वर करून वानरं न्याहाळत बसे आणि भुऱ्या खाली वाकून चितळं. पाणवठ्यावर रोज गुपचूप, कोणाच्या कानी न पडता, खबरांची देवाणघेवाण होई.

एका सकाळी चांदीचं पाडस दिसेना. ती धावत झाडाखाली आली.

"बरं झालं आलात," भुऱ्या हळूच म्हणाला. "तुमचं पाडसच फितूर निघालं. बिबट्याबरोबर जाताना मी स्वतः पाहिलं. अगदी गळ्यात गळा घालून!"

"अरे मेल्या, मग हाळी का नाही दिलीस?"

"हाळी कशी देणार? खबर गुप्त होती ना!"