देवाचा ऑफसाइड

कोल्हापुरात फुटबॉलपटू मैदानावर जेवढा वाढत नाही तेवढा फ्लेक्सवर वाढतो. धनगंगा तालमीच्या संघाचा विक्या भोगम पहिल्या सामन्यानंतर 'वादळ' झाला, दुसऱ्यानंतर 'युगपुरुष'. फायनलच्या सकाळी चौकात त्याचा वीस फुटी फ्लेक्स लागला: 'फुटबॉलचा साक्षात देव!'

फायनलला तालीम एका गोलनं मागं होती. शेवटच्या मिनिटाला या देवानं चेंडू जाळ्यात मारला आणि पंच यशवंत चौगले मास्तरांनी शिट्टी फुंकली. ऑफसाइड!

तालमीचे अध्यक्ष दिनकरअण्णा सासने शे-दोनशे पोरं घेऊन मैदानात घुसले. "मास्तर, कुणाचा गोल नाकारताय? फ्लेक्स वाचला न्हाई? देव हाय त्यो!"

"वाचला की. देव एकाच वेळी सगळीकडं असतोय न्हवं, अण्णा?"

"असतोयच!"

"मग चेंडू यायच्या आधीच त्यो बचावफळीच्या पलीकडंबी असणार. ऑफसाइडच झाला."

मागची पोरं फिसकन हसली. अण्णा गडबडले. "अवो, देव म्हंजे आपली बोलायची पद्धत. साधं पोरगं हाय. परवा पेनल्टी पार रंकाळ्यात घातली त्यानं!"

"मग माणूसच की. माणसाकडनं चूक व्हायचीच. आज झाली. ऑफसाइड."

अण्णा पोरांना घेऊन माघारी वळले.

दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या तालमीनं त्याच चौकात तीस फुटी फ्लेक्स लावला. त्यावर चौगले मास्तर शिट्टी फुंकत उभे होते आणि खाली लिहिलं होतं: 'देवाचा बाप!'